भिंतीपाशी चार सूत जागा

गटाच्या कामात आपण कर्ज, व्याज, हप्ते, बाजार या गोष्टी नेहमीच बोलतो. आज मात्र आम्ही पायाखालच्या जमिनीबद्दल बोलणार आहोत. विषय जरा वेगळा वाटेल, पण मागच्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. कुणी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी सजवून न्याहारी-निवास सुरू केलं आहे, कुणी ब्युटी पार्लर काढलं आहे, कुणाला शिवणवर्गाच्या खोलीत लाकडी जमीन हवी आहे. राज्य सरकारने २०२३ साली महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणल्यापासून तर अशा खोल्यांची चर्चा गटागटांत होते. शहरातले पाहुणे येणार म्हटलं की कुणीतरी सुचवतं, “जुन्या लादीवरच वुडन फ्लोअरिंग टाकून घ्या. तोडफोड नाही, दोन दिवसांत काम.”

काम दोन दिवसांत होतं, हे खरं आहे. पण ते पहिल्या पावसाळ्यात टिकेल की नाही, हे भिंतीपाशी सोडलेल्या बोटभर जागेवर ठरतं. ही जागा कशासाठी, किती आणि कुठे सोडायची, ती झाकायची कशी, आणि मिस्त्रीचे पैसे चुकते करण्याआधी आपण काय बघायचं, हे आज समजून घेऊ.

तरंगती जमीन म्हणजे काय

दुकानात ‘लॅमिनेट’ किंवा ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून ज्या पट्ट्या मिळतात, त्या साधारण चार फूट लांब, आठ इंच रुंद आणि ८ ते १२ मिलिमीटर जाड असतात. वरून सागवानासारख्या दिसतात, पण आतला गाभा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला असतो. वरचं सागवान म्हणजे छापलेला कागद, आणि त्यावर कडक पारदर्शक थर. या जमिनीची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. तिथल्या पर्स्टॉर्प या कंपनीने १९७७ साली ती तयार केली. पुढे १९९० नंतरच्या दशकात पट्ट्या एकमेकींत खटकन अडकवायची पद्धत आली आणि डिंक लावायची गरज संपली.

या पट्ट्या खालच्या लादीला किंवा कोब्याला चिकटवत नाहीत आणि खिळ्यांनी ठोकतही नाहीत. लादीवर पातळ फोम अंथरायचा, त्यावर पट्ट्या एकमेकींत अडकवत जायचं. सगळ्या मिळून एक मोठी चटई तयार होते आणि ती फोमवर नुसती ठेवलेली असते. म्हणून तिला तरंगती जमीन म्हणतात. आपण अंगणात चटई टाकतो तेव्हा ती जमिनीला चिकटवत नाही, तसंच हे आहे. आता पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. ही चटई सरकायला मोकळी राहिली पाहिजे.

लाकूड हवेतलं पाणी पितं

लाकूड फुगतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आषाढात दार चौकटीत घट्ट बसतं, खांदा लावून उघडावं लागतं, आणि दिवाळीनंतर तेच दार आपोआप सैल होतं. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आपण कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. दांडा फुगतो आणि पात्याच्या भोकात गच्च बसतो. लाकूड असं पाणी ओढून घेतं. पाणी ओतलेलंच लागतं असं नाही, हवेतली ओल पुरते.

सागाची फळी फुगते ती बहुतेक रुंदीत. लांबीत तिचा फरक इतका थोडा असतो की सहसा जाणवत नाही. लॅमिनेटच्या पट्टीत मात्र तंतू सगळ्या दिशांना मिसळलेले असतात, त्यामुळे ती लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे वाढते. एका पट्टीची वाढ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण खोलीभर अशा पंधरा-वीस पट्ट्या शेजारी शेजारी अडकवलेल्या असतात, आणि सगळ्यांची वाढ मिळून भिंतीकडे सरकते.

भिंत मागे सरत नाही. मग वाढलेली जमीन जाणार कुठे? वर. चटई दोन्ही टोकांनी आत ढकला, मधे फुगवटा येतो. याचा हिशेब करून पाहिला तर आश्चर्य वाटतं. दोन मीटर लांबीची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट अडकवली आणि ती फक्त २ मिलिमीटर वाढली, तर मधोमध ती तंबूसारखी जवळपास साडेचार सेंटिमीटर वर येऊ शकते. म्हणजे वाढ तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी आणि टेंगूळ दोन बोटं जोडून धरली तर त्याहून उंच.

जागा किती सोडायची

पट्ट्यांच्या खोक्यात सूचनांचा कागद असतो. बहुतेक कंपन्या भिंतीपाशी ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडायला सांगतात. आपल्या सुताराच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे ही जागा तीन ते चार सूत झाली. आम्ही गटांना सरळ चार सूत, म्हणजे अर्धा इंच सांगतो. लक्षात ठेवायला सोपं आणि आपल्या पावसाला पुरेसं.

खोली मोठी असेल तर आणखी एक आडाखा आहे. खोलीच्या दर एक मीटरला दीड मिलिमीटर धरायचं. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत मोठी बाजू साडेतीन मीटरच्या थोडी पुढे जाते. हिशेब सहा मिलिमीटरच्या आतच येतो, तरी आठच्या खाली कधी जायचं नाही, चार सूतच ठेवायचे. पण गटाचं सभागृह तीस फूट लांब असेल, तर ते नऊ मीटर झालं. तिथे १४ मिलिमीटर लागतात. शिवाय आठ-दहा मीटरहून लांब जमीन अखंड टाकू नये. मधे एक सांधा सोडून त्यावर धातूची पट्टी बसवावी. नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर लिहिलेली असते. तो कागद मिस्त्रीच्या हातून कचऱ्यात जाऊ देऊ नका. गटाच्या फाइलमध्ये लावा.

जागा सगळीकडे सारखी राहावी म्हणून भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये पाचर ठेवतात. बाजारातली प्लास्टिकची पाचर नसली तर ६ मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकावर एक ठेवा, १२ मिलिमीटर झाले. फूट-दीड फुटावर एक तुकडा ठेवायचा. काम संपल्यावर एकूण एक तुकडा काढायचा. एखादा विसरला तर तेवढ्या ठिकाणी जागा सोडूनही न सोडल्यासारखंच.

गाव कुठलं, महिना कुठला

कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे राहते. विदर्भात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. त्यामुळे जमीन कुठल्या महिन्यात टाकली यालाही महत्त्व आहे.

वर्ध्याला किंवा लातूरला मे महिन्यात जमीन टाकली तर पट्ट्या सगळ्यात सुकलेल्या, म्हणजे सगळ्यात लहान असतात. पुढे त्या वाढणारच. तेव्हा जागा सोडताना जराही हात आखडू नये. तीच जमीन ऐन श्रावणात टाकली तर पट्ट्या आधीच फुगलेल्या असतात. उन्हाळ्यात त्या आक्रसतात, आणि सगळी चटई भिंतीपासून दूर सरकते. तेव्हा वर झाकलेली पट्टी अरुंद असेल तर फट उघडी पडते. म्हणून जमले तर पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास हे काम काढावं. तेव्हा हवा मध्यम असते.

कुठल्याही महिन्यात काम काढा, पण खोकी आणल्या आणल्या फोडून बसवू नका. ज्या खोलीत जमीन टाकायची, त्याच खोलीत खोकी आडवी ठेवून निदान ४८ तास राहू द्या. नवी सून घरात रुळायला दोन दिवस घेते, तसं पट्ट्यांना त्या खोलीच्या हवेशी जुळवून घेऊ द्या.

खालची जमीन कोरडी आणि सपाट हवी

जागा कितीही नीट सोडली तरी खालून ओल येत असेल तर उपयोग नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ही पट्टी टाकूच नये. तळमजल्यावर जुन्या घरात पावसाळ्यात लादीला घाम फुटतो, भिंतीच्या तळाशी पोपडे निघतात, तिथेही नको. अशा खोलीला साधी टाइल बरी. वाळवीचा त्रास असलेल्या घरात आधी त्यावर उपाय करून घ्यावा, कारण पट्टीचा गाभा शेवटी लाकडाचाच आहे.

ओल आहे की नाही हे पाहायचा घरगुती मार्ग आहे. हात-दोन हात लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या. दोन-तीन दिवसांनी उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची जागा काळपट झाली, तर थांबायचं. नवा कोबा केला असेल तर निदान महिनाभर वाळू द्यायचा. जाड कोब्याला त्याहून जास्त वेळ लागतो.

सिमेंटच्या जमिनीवर फोमच्या खाली पॉलिथिनचा अखंड कागद टाकतात. जोड आला तर एक कागद दुसऱ्यावर वीतभर चढवायचा आणि चिकटपट्टी लावायची. जमीन सपाट आहे का हे बघायला दोन मीटरची सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप जमिनीवर ठेवायचा. पाइपाखाली कुठेही ३ मिलिमीटरहून जास्त खळगा दिसला तर तो आधी भरून घ्यायचा. खळग्यावर टाकलेली पट्टी चालताना दबते, कुरकुरते आणि अडकवलेला सांधा तुटतो.

जागा फक्त चार भिंतींपाशी सोडून भागत नाही

इथे बऱ्याच ठिकाणी चूक होते. मिस्त्री चारही भिंतींपाशी जागा सोडतो, पण चौकटीपाशी पट्टी नेऊन टेकवतो. एका ठिकाणी टेकली तरी जमीन तिथे अडकते. म्हणून जी जी वस्तू जमिनीत किंवा भिंतीत पक्की आहे, तिच्यापासून जागा हवी.

लाकडी चौकट असेल तर तिचे पाय खालून पट्टी आणि फोमच्या जाडीएवढे करवतीने कापतात आणि पट्टी त्याखाली सरकवतात. वरून सुंदर दिसतं, आणि आत जागा मोकळी राहते. चौकट दगडी किंवा सिमेंटची असेल तर ती कापता येत नाही. तिथे जागा सोडून वर योग्य ती पट्टी बसवावी. उंबरठा असेल तर जमीन उंबरठ्याच्या अलीकडे थांबवावी. जुन्या लादीवर नवी जमीन आली की ती सेंटिमीटरभर उंच होते. दार अडकतं. तेव्हा दार खालून रंधून घ्यायचं काम मजुरीत धरलं आहे का, हे आधीच विचारा.

नळाचा पाइप जमिनीतून वर येत असेल तर त्याच्यासाठीचं भोक पाइपापेक्षा २० मिलिमीटर मोठं हवं, म्हणजे सगळ्या बाजूंनी १० मिलिमीटर मोकळे राहतात. मधला खांब, पायरी, देवघराचा ओटा यांच्या भोवतीही तीच जागा.

भिंतीत बसवायचं मोठं कपाट आधी लादीवर उभं करावं, मग जमीन त्याच्यापर्यंत आणून जागा सोडून थांबवावी. कपाट जमिनीवर ठेवून खाली स्क्रू मारला तर ती जमीन तिथेच खिळली. सुटी लोखंडी कपाटं आणि पलंग चालतात, पण समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना जड कपाटं ठेवून जमीन दोन्हीकडून दाबू नये. दार भिंतीवर आपटू नये म्हणून जो थांबा बसवतात, तो या जमिनीतून आरपार स्क्रू मारून बसवू नये. भिंतीला किंवा दारालाच लावावा. एवढ्या मोठ्या चटईला एक स्क्रू रोखून धरतो.

जागा नसली की काय होतं

आमच्या भागातल्या किनाऱ्यालगतच्या एका गटाने दोन खोल्यांत अशी जमीन टाकून घेतली. गटाचं नाव सांगत नाही, मिस्त्रीचंही नाही. काम उन्हाळ्याच्या सुट्टीआधी झालं. पट्ट्या चारही बाजूंनी भिंतीला अगदी चिकटवून बसवल्या होत्या आणि त्यावर सिमेंट लावून स्कर्टिंगच्या टाइल पक्क्या केल्या होत्या. दिसायला एवढं नीटनेटकं की बायकांनी कौतुकाने फोटो काढले. सगळे पैसे लगेच चुकते झाले.

जुलैत एका खोलीच्या मधोमध जमीन वर आली. पाय ठेवला की दबायची आणि पाय उचलला की परत वर यायची. दार अर्धंच उघडायचं. पट्ट्या खराब निघाल्या, असं मिस्त्री म्हणाला आणि फोन घेणं बंद केलं. गणपतीच्या दिवसांसाठी पाहुण्यांनी खोल्या ठरवून ठेवल्या होत्या. गटाच्या अध्यक्षा ताई आम्हाला म्हणाल्या, “पैसे गेले ते गेले, पण पाहुण्यांना काय तोंड दाखवायचं?”

शेजारच्या गावातल्या सुताराने येऊन आधी दोन भिंतींजवळच्या स्कर्टिंगच्या टाइल काढल्या, मग पट्ट्यांच्या कडा चार सूत कापल्या. चार-पाच दिवसांत जमीन आपली आपण खाली बसली. पट्ट्या खराब नव्हत्याच. दोन पट्ट्यांचे सांधे मात्र तुटले होते, त्या बदलाव्या लागल्या, आणि स्कर्टिंग नव्याने करावं लागलं. हा सगळा खर्च गटाच्या खिशातून गेला.

तुमच्याकडे असं झालं तर घाबरून सगळी जमीन उखडू नका. आधी त्या दिशेच्या भिंतीजवळचं स्कर्टिंग काढा आणि पट्टी कुठे टेकली आहे ते शोधा. भिंत, चौकट, पाइप, विसरलेली पाचर, सगळं बघा. तेवढी जागा मोकळी केली की पुष्कळदा जमीन खाली बसते. मात्र पाणी सांडून पट्टीच्या कडा फुगल्या असतील, तर त्या पुन्हा सपाट होत नाहीत. त्या पट्ट्या बदलाव्याच लागतात.

स्कर्टिंग कशाला धरायचं

आता ती चार सूत जागा उघडी ठेवली तर त्यात धूळ जाईल, केस जातील, झुरळं राहतील. म्हणून तिच्यावर झाकण हवं. हे झाकण म्हणजे स्कर्टिंग, भिंतीच्या पायथ्याशी बसवायची पट्टी. ते लाकडाचं, एमडीएफचं किंवा पीव्हीसीचं मिळतं. ओल असलेल्या भागात पीव्हीसीचं बरं, एमडीएफ खालच्या कडेने फुगतं.

स्कर्टिंग भिंतीला धरायचं, जमिनीला कधीच नाही. भिंतीत भोक पाडून गिट्टी बसवायची आणि स्क्रूने आवळायचं, किंवा भिंत सरळ आणि कोरडी असेल तर मागे सिलिकॉन लावून चिकटवायचं. खालच्या पट्टीला डिंक, सिलिकॉन, खिळा काहीही लागता कामा नये. जमीन स्कर्टिंगच्या खालून ये-जा करायला मोकळी पाहिजे.

स्कर्टिंग जमिनीवर दाबूनही बसवायचं नाही. बसवताना खाली जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवून ठेवायचा. स्क्रू आवळून झाले की पुठ्ठा ओढायचा. तो सहज निघाला तर काम बरोबर. फाटून निघाला तर स्कर्टिंगने जमीन दाबून धरली आहे.

स्कर्टिंगची जाडी जागेपेक्षा जास्त हवी. जागा १२ मिलिमीटर आणि स्कर्टिंगही १२ मिलिमीटर जाड, तर उन्हाळ्यात जमीन आक्रसली की खाली काळी रेघ दिसणार. तेव्हा निदान चार-पाच मिलिमीटर जास्त जाडीचं घ्यावं. तसं मिळालं नाही तर स्कर्टिंगच्या पायाशी पाव गोलाईची बीडिंग लावतात. तीही स्कर्टिंगला ठोकायची, जमिनीला नाही.

आपल्या घरांत बहुधा आधीपासून टाइलचं किंवा दगडाचं स्कर्टिंग असतं, आणि ते भिंतीच्या पुढे आलेलं असतं. ते तोडायची गरज नाही. जागा मात्र त्या टाइलच्या तोंडापासून मोजायची, भिंतीपासून नव्हे. झाकायला टाइललाच बीडिंग चिकटवता येते.

काही मिस्त्री त्या जागेत पांढरं सिमेंट, पुट्टी किंवा लांबी भरून टाकतात. तसं होऊ देऊ नका. भरलेली जागा ही जागा राहत नाही. न्हाणीघराच्या दारापाशी पाण्याची भीती असते, तिथे फटीत फोमची मऊ दोरी भरून वरून सिलिकॉन लावतात. ते रबरासारखं दबतं, म्हणून चालतं.

दोन खोल्यांच्या मधल्या दारात जमीन तोडून टी आकाराची पट्टी बसवावी. पट्टीचा पाय खालच्या लादीत पक्का करायचा, आणि दोन्ही बाजूंच्या जमिनीला तिच्या पंखांखाली हलायला जागा ठेवायची.

पैसे कधी द्यायचे

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. स्कर्टिंग एकदा बसलं की आतली जागा कुणालाही दिसत नाही. काम बरोबर झालं की नाही, हे त्यानंतर पावसाळाच सांगतो. म्हणून जमीन टाकून झाली आणि स्कर्टिंग अजून बसलं नाही, त्या मधल्या वेळी गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन तपासणी करायची. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवायचं, “तुमचं झालं की थांबा. आम्ही बघून गेल्यावरच स्कर्टिंग लावा.”

जाताना प्लायचे ते दोन तुकडे सोबत घ्या. सगळ्या भिंतींच्या कडेने फटीत घालत फिरा. जिथे जात नाहीत तिथे खडूने खूण करा. चौकटीचे पाय, पाइप, खांब, उंबरठा बघा. पाचरी काढल्या का, विचारा. मोबाइलवर फोटो काढून गटाच्या फाइलमध्ये ठेवा. या सगळ्याला अर्धा तास लागतो. हे बघून झाल्यावरच दुसरा हप्ता द्या. शेवटची थोडी रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवायची, असं काम ठरवतानाच कागदावर लिहून घ्या.

स्कर्टिंगचा हिशेबही आपणच करावा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. तीन फुटांचं एक दार वजा केलं की ४१. कापताना वाया जातं म्हणून दहावा भाग वाढवला की साधारण ४५ फूट. आठ फुटी पट्टी घेतली तर सहा नग लागतील. कुणी दहा नगांचं बिल लावलं, तर उरलेले चार दाखवा म्हणावं.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या बऱ्याच जणींना अशा वेळी ऐकवलं जातं, “ताई, हे बांधकामातलं आहे, तुम्हाला काय कळतं?” ज्या बाईला पावसाळ्यात दार का लागत नाही हे कळतं, तिला जमीन का फुगते हेही कळतं. कर्ज आपल्या नावावर आहे, हप्ता आपण फेडणार आहोत, तर प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच.

नंतरची निगा

जमीन नीट बसली तरी ती लादीसारखी धुवायची नसते. बादलीभर पाणी ओतून खराटा मारू नका. झाडून घ्या आणि फडकं घट्ट पिळून पुसा. पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या. पावसात खिडक्या उघड्या ठेवून खोली महिना महिना बंद करून जाऊ नका. उन्हाळ्यात दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी रेघ दिसली तर तिच्यात काही भरू नका, पावसाळ्यात ती आपोआप मिटते.

तुमच्या गटात असं काम निघालं असेल, तर खोलीची लांबी-रुंदी, खालची जमीन कसली आहे आणि काम कुठल्या महिन्यात काढणार, एवढं लिहून केंद्रावर या. हिशेब आपण मिळून करू. आणि प्लायचे ते दोन तुकडे आजच सुताराकडून कापून आणा.